चिंचोक्यांनी दहाची फोड

पहिलीच्या वर्गात बेरीज फळ्यावर नेण्याआधी मी चिंचोके काढते. दोघादोघांची जोडी, प्रत्येक जोडीला १० चिंचोके. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने काही मुठीत लपवायचे. मग पहिल्याने उरलेले बघून ओळखायचं, मुठीत किती? सुरुवातीला मुलं बोटांवर मोजतात. मोजू द्या, अजिबात घाई करू नका. उत्तर चुकलं तरी आपण सांगायचं नाही. मूठ उघडली की मूल स्वतःच मोजून बघतं, आणि ते बघणं फार मोलाचं असतं. सात दिसताच ‘तीन!’ असं झटकन येऊ लागलं, की मगच पाटीवर ७ + ३ = १० लिहून घ्या. ज्यांना दहा जड जातात, त्यांना पाचच द्या. धाकटी भावंडं वर्गात येऊन बसत असतील, तर चिंचोके मोजून परत घ्या. ती नाकात घालतात.