सांगाडा जोडण्याआधी दांडे मोजा

ट्रस (दांडे जोडून केलेला सपाट सांगाडा) किंवा स्पेस फ्रेम (तसाच त्रिमितीय सांगाडा) हलकी असूनही मजबूत राहते ती त्रिकोणांमुळे. चौकोन कोपऱ्यात ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून वेल्डिंगच्या आधी कागदावर मोजणी करा. सपाट ट्रसला किमान (सांधे × २) − ३ दांडे लागतात, त्रिमितीय सांगाड्याला (सांधे × ३) − ६. घनाकृतीला सांधे ८, म्हणजे दांडे १८ हवेत. कडा १२च, तेव्हा सहाही बाजूंना एकेक तिरका दांडा आलाच. मात्र एका चौकटीत दोन तिरके आणि शेजारची मोकळी, असं झालं तर आकडा जुळूनही सांगाडा डुलतो.

खरी मेख दाबाखालच्या दांड्यांत आहे. लांब, बारीक दांड्याची लांबी दुप्पट केली की तो चौथाई भारातच वाकून निसटतो. दाबातला दांडा ओळखायचा कसा? त्याच्या जागी दोरी आहे असं समजा. दोरी सैल पडत असेल तर तो दाबात. तिथे पोकळ पाइप वापरा, ताणाच्या जागी सळई चालेल. उघड्यावरच्या छपराला मात्र हा हिशेब दोनदा करा, कारण वारा छप्पर वर उचलतो तेव्हा दाब आणि ताणाची अदलाबदल होऊ शकते.

भार सांध्यांवरच द्या. पर्लिन (छपराचे पत्रे पेलणारी आडवी पट्टी) दांड्याच्या मध्यावर बसवली तर दांडा वाकतो आणि ट्रसचा फायदा तिथेच जातो. सांध्यात सगळ्या दांड्यांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. खाली माणसं वावरणार असतील तर आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच पुढे जा.