गाडी डुलते? कोनसेट खोलायच्या आधी हे बघा

"मिस्त्री, हँडल हलायलंय, कोनसेट टाका." गॅरेजवर गाडी लावतानाच लोक असं सांगून मोकळे होतात. कोनसेट, म्हणजे मोटारसायकलच्या हँडलखालच्या मानेतल्या वाट्या आणि बॉल, टाकून देणारेही भरपूर भेटतात. चार दिवसांनी हँडल परत हलतं, कारण दुखणं तिथं नव्हतंच. माझ्याकडं कोनसेटचा नंबर टायर आणि रिमच्या नंतर लागतो, आणि त्या सगळ्याच्या आधी गाडीवर काय लादलंय ते मी बघतो.

आधी दोन गोष्टी नीट आठवा. गाडी किती स्पीडला हलते, आणि नेमकं काय हलतं? 40 ते 60 च्या दरम्यान रेस सोडल्यावर हँडल डावी-उजवीकडं भराभर थरथरत असेल, तर बहुतेक वेळा दोष पुढच्या बाजूला असतो. कागलकडं हायवेला 80 च्या पुढं गेल्यावर अख्खी गाडी मागून संथ डोलत असेल, तर मागचा टायर, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, शॉकअप किंवा ओझं तपासा. हे बघायला कुणीही चालत्या गाडीचं हँडल सोडू नये. पकड थोडी सैल केली तरी हाताला कळतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं 25 आणि मागं एकट्याला 28 पीएसआयच्या आसपास लागते. मागं माणूस बसवून पन्हाळ्याला जायचं असेल तर मागची हवा त्या आकड्याप्रमाणं वाढवावी लागते. पंपावर "किती मारू?" म्हटल्यावर "मार की तीस-तीस" असं सांगू नका.

मग टायरवरून हात फिरवा. हायवेला पळणाऱ्या गाडीचा टायर मधे सपाट होतो, आणि वळणात कलंडताना त्या कडेवर गाडी अडखळते. पुढच्या टायरचे ठोकळे एकाआड एक उंच-खोल लागत असतील तर थरथर तिथूनच येते. नुकतंच पंक्चर काढलं असेल तर आणखी एक बघा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळ्या बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर पाहिजे. एके ठिकाणी ती आत गेली असेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही. हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून टायर परत बसवावा लागतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं ये-जा असेल तर रिमच्या आतला वाळलेला चिखलही खरवडून काढा. चाकाचा बॅलन्स तेवढ्यानंही जातो.

रिम बघायला गाडी मेन स्टँडला लावा आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या पाइपांपैकी एकाला, एक पेन असा बांधा की टोक रिमच्या अगदी जवळ येईल, आणि चाक हळू फिरवा. बाजूला किंवा वर-खाली 2 मिलिमीटरपेक्षा जास्त आउट असेल तर तो काढायलाच पाहिजे. स्पोक पान्यानं हलकेच वाजवा, ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या.

आता ओझं, जे मी बघताना सगळ्यात आधी बघतो. करवीर तालुक्यातले दूध घालणारे एक मामा गाडी घेऊन आले. कॅन भरले की 45 लाच हँडल हातात राहत नाही, रिकाम्या गाडीला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. 40 लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर. कॅनची फ्रेम अशी वेल्डिंग केलेली की सगळं वजन मागच्या एक्सलच्या पाठीमागं पडत होतं. त्यामुळं पुढचं चाक हलकं व्हायचं, आणि कॅन अर्धे असले की दूध हिंदकळून गाडीला आणखी झोके द्यायचं. फ्रेम कापून पुढं आणि खाली घेतली, मागच्या शॉकअपची खाच वाढवली, मागची हवा ओझ्याप्रमाणं केली. कोनसेटला हातही लावला नाही. गाडी सरळ झाली.

एवढं सगळं ठीक निघालं की मग कोनसेट. पुढचं चाक उचललेलंच आहे. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढं-मागं ओढा. टक्क आवाज आला किंवा मानेजवळ हललं तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अगदी मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर बॉलनी वाटीत खड्डे पाडलेत. तिथं नट आवळून उपयोग नाही, वरचा-खालचा पूर्ण सेट बदला. नुसता ढिला असेल तर वरचा नट सैल करून खाचांचा नट सी-पान्यानं थोडा-थोडा आवळा, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको. छिन्नी-हातोडीनं ठोकू नका. प्ले (ढिलेपणा) जायला पाहिजे, पण हँडल स्वतःच्या वजनानं दोन्हीकडं पडलंही पाहिजे. जास्त आवळलं तर गाडी हळू चालवताना सरळ रेषेत राहत नाही, आणि हे दुखणं ढिल्या कोनसेटइतकंच वाईट. नवीन सेट बसवल्यावर साधारण 500 किलोमीटरनंतर प्ले परत तपासा.

मागं चाक धरून आडवं हलवा आणि नजर चिमट्यावर ठेवा. नुसतं चाक हललं तर बेअरिंग, चिमटा हलला तर बुश. चेन ताणताना दोन्ही ॲडजस्टर सारख्या खुणेवर घ्या, पण जुन्या गाडीत त्या खुणांवर फार भरवसा नको. गवंड्याची दोरी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही अंगाला फट सारखी दिसली पाहिजे.

रस्त्यातच हँडल मारायला लागलं तर त्याच्याशी झटू नका. गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग पुढं घ्या, हँडल धरा पण कोपर सैल ठेवा, आणि रेस हळूहळू कमी करा. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही.

पडलेल्या गाडीचा फोर्क मात्र खोलूनच बघावा. पाइप जाड काचेवर लोळवा, वाकलेला पाइप डगमगत जातो. लेथवर सरळ करून घेतलेला पाइप मी पुढं बसवत नाही. नवीन टाका, सील बदला, आणि दोन्ही पायांत पुस्तकात लिहिलेलं तेल मापून सारखं भरा.