गिझर मंद झाला होता, कॉइल मात्र ठणठणीत निघाली

आमचा १५ लिटरचा २००० वॅटचा गिझर, आधी वीसेक मिनिटांत पाणी कडक व्हायचं, यंदा थंडीत पंचवीस मिनिटं झाली तरी कोमटच. मेकॅनिक आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला कॉइल गेली, बदला. मला काय पटेना.

मित्राचा क्लॅम्प मीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) आणला. गिझर बंद असताना प्लगपाशी २३० व्होल्ट, चालू केला की २०७! करंट ७.८ अँपिअर. आता शाळेतला ओहमचा नियम आठवा, रेझिस्टन्स म्हणजे व्होल्ट भागिले करंट: २०७ भागिले ७.८ म्हणजे साधारण २६.५ ओहम. आणि २००० वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स किती हवा, तर २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५. म्हणजे कॉइल एकदम ओके, पण पॉवर २०७ गुणिले ७.८, जेमतेम १६१५ वॅट मिळतीये.

मग ते २३ व्होल्ट जातायत कुठे? २३ गुणिले ७.८ म्हणजे जवळपास १८० वॅट वायरिंगमध्येच जळतायत, हे कळल्यावर खरं सांगतो घाम फुटला. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावलं, माळ्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये नुसता पीळ देऊन टेप मारलेला जॉइंट, टेप वितळून काळीठिक्कर. (घर रंगवताना कुणीतरी केलेला जुगाड.) वायर कापून नीट कनेक्टर टाकला. आता गिझर चालू असताना २२७ व्होल्ट, ८.६ अँपिअर, म्हणजे १९५० वॅट. खर्च कॉइलपेक्षा खूपच कमी.