एफ-ड्रॉइडवर ॲप अडकलंय? आधी कुठे अडकलंय ते बघा

"ॲप टाकलं, पण अजून दिसत नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी उलट विचारते, "टाकलं म्हणजे नक्की काय केलंस?" निम्म्या वेळा त्या उत्तरातच सगळं कळतं.

मी सांगलीत राहते. दिवसा एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि संध्याकाळी आत्याच्या बचत गटासाठी हिशेबाचं एक छोटं ॲप लिहिते. ते एफ-ड्रॉइडवर आहे, त्यामुळे आसपासच्या कॉलेजांतली पोरं आपापली अडलेली ॲपं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर एफ-ड्रॉइड हे 2010 पासून चालू असलेलं, फक्त मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो) देणारं अँड्रॉइड ॲपांचं भांडार आहे. प्ले स्टोअरला 25 डॉलर भरावे लागतात. शिवाय 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर सलग 14 दिवस चाचणी घ्यायला माणसं जमवावी लागतात. आधी 20 लागायची, आता 12 लागतात. एफ-ड्रॉइडला यातलं काही नाही. पण तिथे तुम्ही तयार एपीके (फोनवर बसवायची ॲपची फाइल) चढवायची नसते. ते लोक तुमचा सोर्स कोड घेतात, माणसं तो तपासतात, आणि ॲप त्यांच्या यंत्रावर नव्याने बांधलं, म्हणजे बिल्ड केलं जातं. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. प्ले स्टोअरचा हिशोब डोक्यात ठेवून इथे आलात तर पहिल्याच आठवड्यात वैतागाल.

आत शिरायचे रस्ते दोन. एक म्हणजे मागणीची यादी. "हे ॲप घ्या" असं गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर लिहून सोडायचं आणि कुणीतरी ते काम अंगावर घेईल अशी वाट बघायची. ही यादी लांबलचक आहे आणि तिथे अर्ज महिनोन् महिने पडून राहतात. तो ॲपच्या चाहत्यांचा रस्ता आहे, ॲप लिहिणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. दुसरा रस्ता म्हणजे गिटलॅबवरच्या 'एफड्रॉइडडेटा' या कोडच्या भांडारात स्वतः मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे आपली भर सामावून घेण्याची विनंती, लावायची. आपल्या ॲपची माहिती आणि ते कसं बांधायचं याची कृती यामल या साध्या मजकुराच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून द्यायची. म्हणजे तपासणाऱ्याचं अर्धं काम आपणच करून ठेवतो, आणि साहजिकच आपला नंबर लवकर लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच यादीत बसलेले असतात.

दुसऱ्या रस्त्यावरचा पहिला अडथळा आपल्याकडे जरा जास्तच टोचतो. मर्ज रिक्वेस्ट लावली की तपासणीची पाइपलाइन, म्हणजे गिटलॅबवरच्या स्वयंचलित चाचण्यांची साखळी, आपोआप चालायला हवी. पास झाली की हिरवी खूण, फसली की लाल. पण गिटलॅबचं खातं नवं असेल तर आधी ओळख पटवावी लागते. कधी फोन नंबरवर भागतं, कधी कार्ड मागतात. पैसे कापले जात नाहीत, कार्ड खरं आहे का एवढंच पाहतात. मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे आपली नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच हातात येतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करा, ओळख पटवा, पुन्हा बंद करून टाका. पाइपलाइन सुरूच झालेली नाही आणि पोरगं "तपासणारे बघत नाहीत" म्हणून रुसून बसलंय, हे मी अनेकदा पाहिलंय. तिथे लाल खूणही नसते, नुसती शांतता असते.

आता ती यामल फाइल. फाइलचं नाव म्हणजे ॲपचा आयडी, आणि हा आयडी लग्नासारखा आहे, नंतर बदलता येत नाही. बदललात तर ते नवंच ॲप धरलं जातं. म्हणून 'कॉम डॉट एक्झाम्पल' असलं काही ठेवू नका. जे डोमेन तुमच्या मालकीचं नाही तेही घालू नका. स्वतःचं डोमेन नसेल तर 'आयओ डॉट गिटहब' आणि पुढे तुमचं खातं, हे चालतं. फाइलमध्ये परवाना, सोर्स कोडचा पत्ता, आवृत्तीचं नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि नेमक्या कमिटचा (कोडच्या जतन केलेल्या टप्प्याचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, द्या. टॅब वापरू नका, यामलला स्पेसच लागतात. फाइल पाठवण्याआधी 'लिंट' आणि 'रीराइटमेटा' या दोन आज्ञा आपल्याच संगणकावर चालवून घ्या. ओळींचा क्रम नि रिकाम्या जागा यांवरून लाल खूण आली आणि त्यापायी चार दिवस गेले, हे निव्वळ टाळता येण्यासारखं आहे. फोर्क, म्हणजे 'एफड्रॉइडडेटा'ची तुमच्या खात्यातली प्रत, सार्वजनिक ठेवा, काम मुख्य शाखेवर (ब्रँचवर) न करता वेगळ्या शाखेवर करा, आणि तपासणाऱ्यांना तुमच्या शाखेत बदल करता येतील अशी परवानगीची खूण चालू ठेवा. ती असली की किरकोळ चुका ते स्वतःच दुरुस्त करून टाकतात, तुमच्या उत्तराची वाट बघत बसत नाहीत.

खरी रखडपट्टी मात्र स्कॅनरपाशी होते. एफ-ड्रॉइडचा स्कॅनर कोडमध्ये बंदिस्त, म्हणजे मुक्त नसलेल्या, गोष्टी शोधतो: फायरबेस, प्ले सर्व्हिसेस, क्रॅशलिटिक्स, ॲडमॉब, एमएल किट अशी गुगलची साधनं. सापडलं की लॉगमध्ये 'युज्युअल सस्पेक्ट' अशी ओळ येते. आपल्या पोलिसांच्या भाषेत सराईत गुन्हेगार! कराडच्या एका मुलाचं पिकांच्या नोंदी ठेवणारं ॲप इथेच अडकलं होतं. तो शपथेवर सांगत होता की फायरबेस काढलंय. बिल्ड फाइलमध्ये ते खरंच नव्हतं. मग ग्रेडलला (ॲप बांधणाऱ्या साधनाला) 'डिपेंडन्सीज' ही आज्ञा देऊन ॲप ज्या लायब्ऱ्यांवर, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडवर, उभं आहे त्यांची सगळी उतरंड छापून घेतली. शेकडो ओळींचं झाड आलं, आणि त्यात खाली कुठेतरी, सूचना दाखवण्यासाठी घेतलेल्या एका लायब्ररीच्या पोटात, प्ले सर्व्हिसेस बसलेलं होतं. ती लायब्ररी बदलली आणि पाइपलाइन हिरवी झाली. तेव्हा "मी काढलंय" असं उत्तर लिहिण्याआधी ते झाड वाचा. प्ले स्टोअरसाठी तुम्हाला ते हवंच असेल तर दोन फ्लेवर, म्हणजे एकाच कोडमधून निघणारे ॲपचे दोन प्रकार, करा आणि यामलमध्ये बंदिस्त भाग नसलेल्या फ्लेवरचं नाव द्या. कोडच्या फोल्डरात कुठे आधीच बांधलेल्या लायब्ररीची जार किंवा एसओ फाइल पडली असेल तर तीही स्कॅनरला खटकते. भांडारातून उपटून टाका, लायब्ररी मॅव्हन सेंट्रल या सार्वजनिक साठ्यावरून घ्या.

मराठी ॲपवाल्यांनी फॉन्टकडे स्वतंत्र लक्ष द्यावं. डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेला फॉन्ट ॲपमध्ये घालून मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. त्याचा परवाना विचारला जातो, आणि सांगता आला नाही तर गाडी तिथेच थांबते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट घ्या, किंवा 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, परवान्याची फाइल सोबत ठेवली की विषय संपला. चित्रांचंही तसंच. 'व्यावसायिक वापर नको' अशी अट असलेली चित्रं घातलीत तर ॲप येईल, पण त्यावर मुक्त नसलेल्या सामग्रीचा शिक्का बसेल. हे शिक्के पाहून घाबरायचं कारण नाही. बंदिस्त सेवेवर अवलंबून, जाहिराती, पाळत, असे बरेच आहेत. लागू असलेला शिक्का आपणहून आधीच लिहून टाकला तर त्यावरची चर्चा वाचते.

वर्णनाचा मजकूर फास्टलेन या साधनाच्या ठरलेल्या फोल्डरांच्या पद्धतीने तुमच्याच कोडच्या भांडारात ठेवायचा. लहान वर्णन 80 अक्षरांत, आवृत्तीतले बदल 500 अक्षरांत. देवनागरीत मात्र काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्षेत्र' हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द, तिथे सात भरतो. त्यामुळे मराठी वर्णन अंदाजाने नको, मोजून लिहा. इंग्रजी वर्णनही द्याच, तपासणाऱ्याला तेच वाचता येणार आहे.

तपासणाऱ्यांच्या भाषेबद्दल एक सांगते. त्यांची टिप्पणी एक-दोन ओळींची असते, नमस्कार-चमत्कार नाही. तो उद्धटपणा नव्हे, दिवसभरात अशी कितीतरी ॲपं त्यांच्या नजरेखालून जात असतात. प्रत्येक मुद्द्याखाली "बदललं, हा कमिट" एवढं उत्तर द्या आणि पाइपलाइन हिरवी ठेवा. ती लाल असताना "काही अपडेट?" विचारण्यात अर्थ नाही, लाल रिक्वेस्ट कुणी उघडतही नाही. हिरवी होऊन दोनेक आठवडे गेले तर एकदा विचारायला हरकत नाही. सगळे मुद्दे मिटले आहेत, नवी आवृत्ती अमुक आहे आणि हॅश बदलला आहे, असं लिहून विचारा, म्हणजे त्या प्रश्नातून त्यांना काही कळेल. जुनी रिक्वेस्ट बंद करून नवी लावणं हा तर शुद्ध आत्मघात. झालेली सगळी चर्चा मागे राहते आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी.

समजा मर्ज झालं, तरी ॲप त्याच संध्याकाळी दिसणार नाही. आधी ते बांधणीच्या यंत्रावर बांधलं जातं. मग त्यावर सही, म्हणजे ॲप कुणाकडून आलं याची डिजिटल खूण, होते आणि सहीच्या किल्ल्या इंटरनेटला न जोडलेल्या वेगळ्या यंत्रावर असतात, तिथे माणसाचा हात लागतो. त्यानंतर यादी प्रसिद्ध होते. यात काही दिवस जातात, कधी आठवडाही. या काळात कुणाला विचारू नका. एफ-ड्रॉइडचं मॉनिटर नावाचं पान आहे, त्यावर कुठलं ॲप बांधलं गेलं आणि कुठलं फसलं ते दिसतं. तिथे तुमचं ॲप फसलेल्यांत असेल तरच लॉग उघडा.

आणि कधीकधी दोष तुमचा नसतो, तपासणाऱ्याचाही नसतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगिनच्या 8.12 या आवृत्तीबरोबर 'एएपीटी2' नावाचं जे साधन येत होतं, त्याला प्रोसेसरमध्ये काही नव्या सूचनांची (इन्स्ट्रक्शन्सची) सोय लागू लागली. एफ-ड्रॉइडच्या जुन्या यंत्रांत ती नव्हती. घरी नीट बांधली जाणारी ॲपं तिथे पटापट फसली आणि लोक आपलाच कोड उलटापालटा करत बसले. प्लगिन एक पायरी मागे नेलं की काम होत होतं. म्हणून घरी चालतंय आणि तिथे नाही अशी वेळ आली तर स्वतःला दोष देण्याआधी दुसऱ्यांची ॲपंही त्याच ओळीवर पडली आहेत का ते बघा. आणि कालच आलेली साधनं लगेच उचलू नका. माझं ॲप नेहमी एखादी आवृत्ती मागेच असतं, आत्याला त्याने काही फरक पडत नाही.

वाट बघताना सगळ्यांना मोह होतो तो एपीके व्हॉट्सॲपवर वाटण्याचा. वाटण्याआधी थांबा. ती तुमच्या सहीची असेल आणि एफ-ड्रॉइडवर येणारी त्यांच्या सहीची. एकावर दुसरी चढत नाही, जुनी काढावी लागते, आणि काढली की आतला डेटा जातो. बचत गटाच्या बायकांचा सहा महिन्यांचा हिशेब असा गेला तर त्या तुम्हाला गल्लीत फिरू देणार नाहीत. त्यामुळे वाटायचीच असेल तर ॲपमध्ये आधी बॅकअप बाहेर काढण्याची सोय करा. दुसरा उपाय म्हणजे कुणीही बांधलं तरी बाइट न् बाइट तीच फाइल यावी अशी बांधणी साधायची, मग एफ-ड्रॉइड तुमचीच सही ठेवू शकतं. यात कष्ट आहेत. निदान ग्रेडलमध्ये डिपेंडन्सीची माहिती एपीकेत घालू नकोस ही ओळ तरी टाकून ठेवा, कारण तो गुगलच्या किल्लीने बंद केलेला तुकडा असतो आणि तपासणीत त्यावर बोट ठेवलं जातंच.

एकदा आत गेलात की पुढच्या आवृत्त्यांसाठी पुन्हा रिक्वेस्ट लावावी लागत नाही. यामलमध्ये टॅगवरून (कोडच्या एखाद्या टप्प्याला आवृत्तीचं नाव देणाऱ्या खुणेवरून) आवृत्ती ओळखण्याची सोय लिहिलेली असेल तर त्यांचा बॉट तुमचा नवा टॅग स्वतः शोधतो. आवृत्तीचा क्रमांक बिल्ड फाइलमध्ये साध्या आकड्यात लिहा. तारखेवरून गणित करून काढलात तर बॉटला तो वाचता येत नाही आणि नवी आवृत्ती येतच नाही. टॅग लावण्याआधी क्रमांक वाढवलाय ना ते बघा, आणि लावलेला टॅग सरकवू नका. काही राहून गेलं असेल तर पुढचा क्रमांक घेऊन नवा टॅग लावा.