ओराकेई बेसिन नीट बघायचं असेल तर

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहत असाल किंवा मुलाकडे-मुलीकडे आला असाल तर ओराकेई बेसिनला, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या पाण्याने भरलेल्या गोल खड्ड्याला, एकदा जाच. शहराच्या मध्यातल्या ब्रिटोमार्ट (आता वायतेमाता) स्टेशनवरून ईस्टर्न लाइनची ट्रेन पकडा, पहिल्याच म्हणजे ओराकेई स्टेशनला उतरा, पूर्ण फेरी साधारण तीन किलोमीटरची आहे, मध्ये पायऱ्या लागतात त्यामुळे चपला नकोत, बूट घाला.

पोचल्या पोचल्या पाण्याकडे बघत बसू नका, आधी भोवतीची गोल कड बघा, कारण खरा ज्वालामुखी तीच आहे. आपल्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे उंच डोंगर आणि वाहणारा लाव्हा, इथे प्रकार वेगळा. साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वी खालून आलेला मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीतल्या पाण्याला भिडला, तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यावर होतं तेच प्रचंड प्रमाणात झालं, वाफेचे स्फोटावर स्फोट, मोठा खड्डा पडला आणि उडालेली राख-दगड भोवती साचून हे कडं तयार झालं. आपलं लोणारही गोल आणि खाऱ्या पाण्याचं, पण ते वरून उल्का आदळून झालंय, सोबत मुलं असतील तर हा फरक तिथेच उभं राहून सांगा, पक्का लक्षात राहतो.

मग पाणी. आधी इथे गोड्या पाण्याचं तळं होतं, तळाशी गाळ साचत गेला, त्यात लांबच्या ज्वालामुखींची राखही थराथराने बसली, म्हणून तर शास्त्रज्ञांनी इथे ड्रिलिंग करून लाखभर वर्षांचं हवामान शोधलं. हिमयुग संपल्यावर समुद्र चढला, कड एका बाजूने फुटलेली होतीच, भरती आत शिरली आणि तळ्याचं लगून, म्हणजे समुद्राला जोडलेलं उथळ खारं तळं, झालं.

आता रेल्वेचा बांध बघायला विसरू नका. १९३० ला सुरू झालेली लाइन या बांधावरून जाते आणि त्यातल्या दारांनी पाणी अडवून ठेवतात, त्यामुळे आत वॉटर स्कीइंग चालतं. खरी भरती-ओहोटी बघायची तर बाहेर हॉब्सन बे या उपसागराकडे जा.

आणि ही जमीन कुणाची ते माहीत असू द्या. १८४० ला न्गाती फातुआ या माओरी जमातीचे प्रमुख आपिहाई ते कावाऊ यांनी तेव्हाच्या राजधानीसाठी गव्हर्नरला जागा दिली, पुढे त्यांच्याच लोकांच्या हातून जवळपास सगळं गेलं. १९७७-७८ ला हे लोक जवळच्या बॅस्टियन पॉइंटवर ५०६ दिवस ठाण मांडून बसले, पोलिसांनी उठवलं, पण नंतर सरकारला जमीन परत द्यावी लागली. वेळ असेल तर त्याच दिवशी तिथेही जा, टामाकी ड्राइव्ह या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून वर चढता येतं.