मे महिन्यात जमलेला कार्ब्युरेटर जानेवारीत फसला

इंदूरला रामबागेत, वाड्याच्या अंगणात मी सायकलला टू-स्ट्रोक इंजिन बसवलं तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंजिन ‘८० सीसी’ म्हणून घेतलेलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून व्हर्नियरने मोजलं तर बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८. हिशेब आला ६६ सीसी. आकडा स्वतः मोजायची सवय तिथून लागली. (२५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की कायद्याने ते मोटार वाहन होतं, नोंदणीशिवाय रस्त्यावर नेऊ नका. मी महूकडे मित्राच्या शेतातल्या वाटेवर चालवायचो.)

मे महिन्यात, चाळीस अंशांच्या दुपारी, पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मूठ पूर्ण पिळली की, इंजिन अडखळायचं. एक ठोका पेटायचा, एक सुटायचा. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो तो कार्ब्युरेटर, आणि त्यातून पेट्रोल जास्त येत होतं. मी ७० नंबरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक; आकडा लहान तेवढं भोक लहान) काढून ६५ चा घातला आणि गाडी अशी सुटली की काय सांगू! सेटिंग जमलं म्हणून वर्षभर हात लावायचा नाही असं ठरवलं.

जानेवारीतली सकाळ, नऊ अंश. थंडीत इंजिनाला जरा जपावं म्हणून लिटरमागे ४० मिलिऐवजी ६० मिलि ऑइल मिसळलं. पूर्ण थ्रॉटलवर दोनेक मिनिटं गेलो असेन, आवाज एकाएकी बारीक, टोकदार झाला आणि पिस्टन अडकून मागचं चाक घसटलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. हेड-सिलिंडर उतरवलं तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, आणि स्पार्क प्लगच्या टोकाभोवतीची चिनी माती खडूसारखी पांढरी.

शेजारच्या काकांनी उभी हयात गॅरेजात काढलेली. त्यांनी प्लग बघितला आणि म्हणाले, “थंडीत हवा दाट असते रे. पेट्रोल मात्र तू मेच्या मापाचंच देतोयस. वर ऑइल वाढवलंस, म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल आणखी कमी गेलं.”

नवशिक्यांना नेमकं हेच उलटं वाटतं. चाळीस अंशांपेक्षा नऊ अंशांची हवा साधारण ११ टक्के दाट असते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की ज्वलन तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्याने वंगणही घटतं. पेट्रोल थोडं जास्त असलं तर प्लग काळा होतो, धूर होतो, एवढंच. कमी पडलं तर पिस्टन जातो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट आणखी पातळ पडतो.

आता मी जेटला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी हवेची गळती. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन वरच्या आवाजात रेंगाळत असेल तर इनटेकच्या, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या, जोडावर संशय घ्या. गार इंजिन सुरू करून जोडावर कार्ब क्लीनर जरासा फवारा. आवाज बदलला तर जोडातली गॅस्केट (सील करणारी चकती) बदला. गळती असताना केलेलं ट्यूनिंग वाया जातं. मी त्यात एक अख्खा आठवडा घालवला आहे.

मग थ्रॉटलच्या मुठीवर टेप चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. दोष कोणत्या खुणेवर आहे हे कळल्याशिवाय पाना उचलू नका. पावापासून पाऊणपर्यंत कार्ब्युरेटरमधल्या सुईचं राज्य (थ्रॉटलबरोबर वरखाली होऊन ती पेट्रोलची वाट कमीजास्त करते), त्यापुढे मेन जेटचं. सुईवरची क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर नेली की कमी होतं. इथे भलेभले गोंधळतात. ती क्लिप नखाएवढीही नसते आणि टण्णकन उडते. हात प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालूनच काढा. आमच्या अंगणातल्या फरश्यांच्या फटींत माझ्या दोन गेल्या. या साध्या कार्ब्युरेटरवरचा बाहेरचा स्क्रू फक्त आयडलिंगचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या वेगाचा, असतो, मिश्रणाशी त्याचा संबंध नाही.

शंका असेल तिथे तेवढ्याच थ्रॉटलवर चोक किंचित ओढा, त्याने हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी होतं, आणखी अडखळलं तर जास्त.

शेवटी नवा प्लग. पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर जा, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग गार झाल्यावर काढा. टोकाचा रंग फसवतो. टॉर्च मारून चिनी मातीचं आत खोल गेलेलं बूड बघा. चहाच्या गाळासारखा तपकिरी रंग हवा.

जेट तुंबला तर तार घालू नका. ०.७० मिलिमीटरचं भोक घासून ०.७३ झालं तरी क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्के वाढतं, आणि जेटवरचा आकडा मात्र तोच राहतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत आता दोन पानं आहेत. मेच्या पानावर ६५, क्लिप मधल्या खाचेत, लिटरला ४० मिलि. जानेवारीच्या पानावर ७०, बाकी सगळं तेच. दिवाळी झाली, पहाटे अंगावर शाल लागायला लागली की मी जेट बदलतो.