मुधोळ घ्यायचं की लॅब? कोल्हापुरात पिल्लाच्या किमतीची तुलना अशी करा

कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरलं की सगळे आधी रेट विचारतात आणि तिथंच घोळ होतो, कारण एकजण लॅबचा (लॅब्रॅडॉरचा) रेट बिनपेपरचा सांगतोय, दुसरा मुधोळचा (कर्नाटकातल्या मुधोळ गावच्या सडपातळ शिकारी कुत्र्याचा) पेपरसकट सांगतोय, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून मुधोळ लई महाग म्हणून मोकळे होतो. पेपरवाल्याची तुलना पेपरवाल्याशीच करा. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट, आई-बाप दोघंही रजिस्टर असतील तरच पिल्लाची नोंद होते, आणि त्यांच्या यादीत मुधोळ तुम्हाला कॅरावान हाउंड या नावाखाली सापडेल. "पेपर नंतर देतो" म्हणाला तर बिनपेपरचाच रेट लावायचा, वाद नको.

डॉग शोमध्ये उतरवायचं नसेल, ब्रीडिंग करायचं नसेल तर पेपरचे जादा पैसे देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पण मग आई-बाप डोळ्यानं बघायलाच पाहिजेत, निदान आई तरी. मुधोळच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण लहानपणी पिल्लू साधंच दिसतंय, लांब तोंड आणि खोल छाती नंतर भरते, त्यामुळं क्रॉस पिल्लू मुधोळ म्हणून खपवणं सोपं जातंय. लॅबला "हेवी बोन" (जाड हाडाचं), "पंच फेस" (आखूड, चपट्या तोंडाचं) असले शब्द लावून रेट चढवतात. त्यापेक्षा आई-बापाच्या हिप्सचा एक्स-रे काढलाय का विचारा, लॅबमध्ये खुब्याचा त्रास आनुवंशिक असतोय आणि पुढचा मोठा खर्च तिथंच निघतो.

मुधोळसाठी आपल्याला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. निपाणी, चिकोडी, महालिंगपूर करत सरळ मुधोळ गाठता येतंय, सकाळी निघालं की रात्री घरी. संस्थानाच्या काळात घोरपडे राजांनी ही जात जपली, आज तिथं तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आसपासच्या गावांत घरोघरी पाळणारे आहेत. जायच्या आधी फोन करून पिल्लं आहेत का विचारा, आणि गाडीभाडं, पेट्रोल हे पिल्लाच्या किमतीतच धरा.

आता खरा हिशोब. वहीत दोन रकाने करा, एक लॅबचा, एक मुधोळचा, आणि पहिल्या वर्षाचा सगळा खर्च लिहा. आकडे मी समजा म्हणून धरतोय, तुम्ही तुमच्या दुकानाचे घाला. 30 किलोचा मोठा लॅब दिवसाला साधारण 350 ग्रॅम कोरडं फूड खातो, म्हणजे महिन्याला 10 किलोच्या वर. 300 रुपये किलो धरलं तरी 3,000 पार. मुधोळ अंगानं हलका, त्याला 8 किलो धरा, 2,400. महिन्याला निदान 600 चा फरक, वर्षाला 7,200. पिल्लाच्या किमतीत 5,000 साठी घासाघीस करणाऱ्यानं हे आधी बघावं. आणि लॅबची भूक आवरत नाही, मागेल तेवढं घातलं तर वजन वाढून सांधे जातात, मग डॉक्टरचा खर्च वेगळा.

लसीकरणात दोघांचा खर्च सारखाच. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, मधे जंताचं औषध. गोचिडाच्या गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे मिळतात, त्यातही फार फरक पडत नाही.

फरक पडतोय तो घर आणि हवेमुळं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ओल हटत नाही, लॅबची कातडी दाट दुहेरी केसांची, नीट पुसलं नाही तर खाज, कान पिकणं सुरू. मुधोळचे केस आखूड, अंघोळ-ब्रशचा खर्च नगण्य, पण अंगावर चरबी नाही म्हणून थंडी-पावसात त्याला कोरडी उबदार जागा लागते. आणि त्याला पळायला लागतंय! मांजर, कोंबडी दिसली की सुटला, त्यामुळं कंपाउंड नीट उंच नसेल तर जाळीचा खर्च मुधोळच्या रकान्यात टाकाच. गल्लीतल्या दोन खोल्यांत राहत असाल तर स्वस्त पडतंय म्हणून मुधोळ आणू नका, त्या जनावरावर अन्याय होतो. शेत असेल, मळ्यात घर असेल तर मात्र मी डोळे झाकून मुधोळच सुचवेन.

कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी लागते. एक महिन्याचं पिल्लू कमी रेटमध्ये देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पार्वोत (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) पटकन सापडतंय आणि सलाईनवर चार-पाच दिवस काढले की वाचवलेले सगळे पैसे जातात, पिल्लू वाचेलच असंही नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडाभरही लागतो, म्हणून लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही आहे का तपासा, आणि टोकन देण्याआधीच लिहून घ्या की दोन दिवसांत आमच्या डॉक्टरला दाखवणार, आणि आठवडाभरात आजारी निघालं तर पैसे परत.